न निघालेल्या खेळाची प्रत

'प्रत' ह्या शब्दाचे महत्त्व जुन्या घरांतील माणसांना वेगळे सांगावयास नको. आपल्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात ज्यांचे वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या माळ्यावर एखादी तरी लाकडी पेटी असतेच. तीत लाल रुमालात बांधलेल्या पोथ्या असतात, मोडीतले कागद असतात, कोणा पूर्वजाने अर्धवट सोडलेले एखादे बाडही असते. त्यांतली मूळ प्रत कोणती, नक्कल कोणती, कोणत्या पानावर मागाहूनच्या हाताने ओळ घुसडली आहे, ह्या वादांत आमच्यासारख्या हौशी मंडळींच्या कित्येक दुपारी गेल्या आहेत. परंतु हीच सारी हत्यारे, म्हणजे पाठभेद, प्रतींची वंशावळ आणि नकलाकाराचा हात ओळखणे, एका मुलांच्या खेळासाठी परजली गेली, आणि तीही आमच्यासारख्या पिकल्या केसांच्या माणसांकडून नव्हे, तर विशीतल्या पोरांकडून, हे मला थोडे उशिराच कळले. ज्या खेळाविषयी हे घडले तो १९९० साली तयार होऊन कपाटात पडला, १९९८ साली चोरपावलांनी बाहेर आला आणि २०१५ साली एकदाचा राजमार्गाने लोकांपुढे आला. त्या पंचवीस वर्षांची ही हकीगत आहे.

आधी यंत्राविषयी थोडे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ च्या जुलै महिन्यात फॅमिकॉम नावाचे एक लाल-पांढरे यंत्र बाजारात आणले. ते दूरदर्शनसंचाला जोडावयाचे, वरच्या खाचेत खेळाचे कार्ट्रिज बसवावयाचे, की पडद्यावर खेळ सुरू. हेच यंत्र १९८५ पासून अमेरिकेत एनईएस ह्या नावाने, करड्या रंगाच्या पेटीत विकले जाऊ लागले. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात ह्याच फॅमिकॉमच्या स्वस्त नकला घरोघर आल्या, आणि त्यांच्या कार्ट्रिजला आपली मुले सरसकट 'कॅसेट' म्हणत. एकाच कॅसेटीत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याची बढाई तिच्या वेष्टनावर छापलेली असे. प्रत्यक्षात तेच चार-पाच खेळ आलटूनपालटून निघत. ज्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची भावंडे जमत, तेथे ही कॅसेट फुंकर मारून पुन्हापुन्हा बसवल्याचा आवाज अजून कोणाच्या कानांत असेल. तेव्हा यंत्र आपल्याला अगदीच परके नाही.

ह्या यंत्रासाठी २७ जुलै १९८९ रोजी जपानात 'मदर' नावाचा एक खेळ निघाला. त्याचा कर्ता शिगेसातो इतोई हा खेळ तयार करणारा कारागीर नव्हे. तो जाहिरातींची वाक्ये लिहिणारा. जपानात त्या धंद्यातला मोठाच माणूस. घिबली ह्या चित्रपटसंस्थेच्या अनेक बोलपटांच्या जाहिरातींची वाक्ये त्याची आहेत, आणि १९८८ च्या 'टोटोरो'मधील वडिलांना आवाजही त्याचाच आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट' हा १९८६ चा खेळ खेळताना त्याच्या मनात आले, की ह्या लांबलचक कथा-खेळांत नेहमी तलवारी, राजवाडे आणि राक्षसच का असावेत? आजच्या गावात, आजच्या मुलाला घेऊन अशी कथा का रचू नये? निन्टेन्डोचे प्रसिद्ध खेळकर्ते शिगेरू मियामोतो यांच्याकडे त्याने ही कल्पना नेली, तेव्हा त्यांनी प्रथम फारसा उत्साह दाखवला नाही. पण इतोई मागे लागला आणि खेळ झाला. संगीत केइइची सुझुकी आणि हिरोकाझु तानाका ह्या दोघांनी दिले.

खेळाचे कथानक सांगतो, कारण ते कळल्यावाचून पुढची धडपड कळणार नाही. अमेरिकेतल्या एका आडगावात एक मुलगा आपल्या आईबरोबर आणि बहिणींबरोबर राहतो. एके दिवशी घरातला दिवाच उठून त्याच्यावर चालून येतो. बहिणीच्या खोलीतली बाहुली अंगावर धावते. बाहुली शांत झाल्यावर कळते, की तिच्या पोटात एक संगीतपेटी आहे आणि तीत एका गाण्याचा तुकडा आहे. तळघरात पणजोबांची रोजनिशी सापडते. मुलाच्या हाती तलवार नाही, बेसबॉलची बॅट आहे. जखमा भरून काढण्यासाठी जादूचे औषध नव्हे, तर हॅम्बर्गर आणि संत्र्याचा रस. वडील खेळात समोरासमोर भेटत नाहीत. ते फक्त टेलिफोनवर भेटतात. मुलाने शत्रू हरवले की वडील बँकेत पैसे भरतात, आणि झालेला खेळ जपून ठेवावयाचा असेल तर त्यांनाच फोन करावा लागतो. ही कल्पना मला फार मार्मिक वाटली. नोकरीनिमित्त परगावी असलेल्या बापाची मनीऑर्डर ज्यांच्या घरी महिन्याच्या महिन्याला येत असे, त्यांना ती वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

मग तो मुलगा गावोगाव फिरतो आणि गाण्याचे आठ तुकडे गोळा करतो. एक तुकडा बाहुलीपाशी, एक कॅनरी पक्ष्यापाशी (हरवलेले पिल्लू आईकडे पोहोचवले की ती गाते), एक गाणाऱ्या माकडापाशी, एक भुताटकीच्या हवेलीतल्या पियानोत, एक वाळवंटातल्या निवडुंगात, आणि शेवटचा पणजोबांच्या थडग्यापाशी. हे तुकडे तो एका स्वप्नातल्या राज्याच्या राणीला ऐकवतो. तिला एक गाणे अर्धवट आठवत असते आणि ते पुरे आठवत नाही म्हणून ती झुरत असते. आठही तुकडे जुळले की तिला आठवते, की ती राणी नाहीच. ती त्या मुलाची पणजी मारिया. फार वर्षांपूर्वी परग्रहावरच्या लोकांनी तिला पळवून नेले होते आणि तेथे तिने त्यांच्या एका पोराला अंगाई गाऊन वाढवले होते. एवढे आठवताच ती आणि तिचे राज्य दोन्ही विरून जातात. ते परग्रहावरचे पोर म्हणजेच आता पृथ्वीवर चालून आलेला शत्रू. शेवटच्या लढाईत बॅट चालत नाही, काहीच चालत नाही. समोरचा मारत असताना ती अंगाई पुन्हापुन्हा, शेवटपर्यंत गावयाची, एवढाच उपाय. आणि ती ऐकवत नाही म्हणून तो शत्रू निघून जातो. मुलांच्या खेळाचा असा शेवट करावयास धाडस लागते.

जपानात खेळ चांगला खपला, तेव्हा अमेरिकेसाठी इंग्रजी आवृत्ती करण्याचे ठरले. निन्टेन्डोच्या अमेरिकन शाखेतले फिल सँडहॉप यांच्याकडे हे काम आले आणि १९९० साली त्यांनी ते पुरे केले. त्याला नुसते भाषांतर म्हणणे अन्याय होईल. जपानी खेळात गावांची नावे सणांवरून ठेवलेली होती: मदर्स डे, थँक्सगिव्हिंग, ईस्टर, हॅलोवीन. एका जपानी माणसाने दुरून कल्पिलेली ती अमेरिका. प्रत्यक्ष अमेरिकन मुलाला ही नावे चमत्कारिक वाटली असती. सँडहॉप यांनी मुलाच्या गावाला पोडंक असे नाव दिले. अमेरिकेत ह्या शब्दाचा अर्थ कोणीही न ऐकलेले खेडेगाव, आपल्या 'खुर्दबुद्रुक'सारखा. भुताटकीची हवेली असलेल्या गावाचे नाव हॅलोवीनऐवजी स्पूकेन झाले. अमेरिकन शाखेची कचेरी वॉशिंग्टन राज्यात आहे, त्याच राज्यात स्पोकेन नावाचे खरे शहर आहे, आणि 'स्पूक' म्हणजे भूत. मोठी माणसे पळवली गेल्यामुळे केवळ मुलेच उरली आहेत अशा गावाचे नाव त्यांनी यंगटाउन ठेवले. भाषांतरकाराने आपल्या अंगणातली माती घेऊन परक्या मूर्तीला हात लावावा आणि मूर्ती बिघडू नये, हे रोज पाहावयास मिळत नाही.

शब्दांपलीकडेही बदल झाले. अमेरिकेतल्या निन्टेन्डोचे नियम त्या काळी सोवळे; म्हणून एका कावळ्याच्या चोचीतली सिगारेट गेली, थडग्यांवरचे क्रूस गेले. काही बदल मात्र निव्वळ सुधारणेचे होते. मुलगा फार सावकाश चालतो अशी जपानी खेळाविषयी तक्रार होऊ शकत होती. इंग्रजी आवृत्तीत एक बटन दाबले की तो धावू लागतो. आणि जपानी खेळाचा शेवट फार तुटक होता. तो लांबवून, लढाईनंतर कोण कोठे गेले, सवंगड्यांचे काय झाले, हे दाखवण्यात आले. ही दोन कलमे वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

एवढे सारे झाले आणि खेळ निघालाच नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत निन्टेन्डोचे नवे, अधिक ताकदीचे यंत्र येणार होते. जुन्या यंत्रासाठी एवढा लांब, मजकुराने भरलेला आणि बनवावयास महाग खेळ काढून त्याची जाहिरात करणे परवडण्याजोगे नव्हते. फाईल मिटली. पुढे १९९५ साली त्याच मालिकेचा दुसरा भाग अमेरिकेत 'अर्थबाउंड' ह्या नावाने निघाला. हे नाव मुळात न निघालेल्या पहिल्या भागासाठी ठरवलेले होते. थोरल्यासाठी शिवलेला अंगरखा धाकट्याला घातला, आणि थोरला कोणी होता हेच गल्लीत कोणाला ठाऊक नव्हते.

आता ती प्रत कशी असते ते पाहू. कारखान्यात बनलेल्या नेहमीच्या कॅसेटीत जी चिप असते तिच्यात खेळ घडवतानाच कोरलेला असतो. तो पुसता येत नाही आणि सहसा पुसलाही जात नाही. परंतु खेळ पुरा होण्याआधी तपासणीसाठी, वरिष्ठांना दाखवण्यासाठी, किंवा मासिकांच्या परीक्षकांना पाठवण्यासाठी काही थोड्या नमुना प्रती हाताने केल्या जात. इंग्रजीत हिलाच प्रोटोटाइप म्हणतात. तिच्यात ईप्रॉम नावाची चिप बसवलेली असते. हा इंटेल कंपनीतल्या डोव्ह फ्रोमन यांचा १९७१ चा शोध. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची एक लहानशी खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील किरण काही मिनिटे पाडले की आतले लिखाण पुसले जाते आणि चिप पुन्हा वापरता येते. पाटीसारखी. म्हणून कारागीर लिखाण झाल्यावर त्या खिडकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवून टाकतात. तीवर पेनने खेळाचे नाव आणि तारीख लिहिलेली असते. आतले लिखाण म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युत्भार. तो गळत राहतो. दहा वर्षे, वीस वर्षे, कधी त्याहून अधिक काळ टिकतो. पण एक दिवस एखादा कप्पा रिकामा होतो, मग दुसरा, आणि एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर उमटू लागते. पोथीला वाळवी लागली तर निदान भोके दिसतात. ही वाळवी डोळ्यांना दिसत नाही. कपाटात काचेखाली ठेवलेली नमुना प्रत बाहेरून लख्ख आणि आतून कोरी असू शकते.

म्हणून अशी प्रत हाती आली की पहिले काम एकच: तिच्यातले लिखाण वाचकयंत्राने उतरवून घेणे. सबंध खेळ आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राहूनही लहान भरतो. उतरवून घ्यावयास वेळ लागत नाही; लागते ती प्रतीच्या मालकाची परवानगी, आणि तीच दुर्मिळ असते. कारण संग्राहकांच्या बाजारात एकमेव असण्यालाच किंमत. नक्कल सर्वत्र झाली की आपल्या प्रतीचा भाव उतरेल अशी भीती मालकाला वाटते. आपल्याकडेही दुर्मिळ पोथी दाखवावयास तयार नसणारे महाभाग झाले आहेत. पोथी त्यांच्याबरोबर गेली.

१९९८ साली ह्या इंग्रजी खेळाची एक नमुना प्रत एका अमेरिकन संग्राहकाकडे असल्याचा सुगावा निओ डेमिफोर्स नावाच्या हौशी मंडळीला लागला. ही मुले जपानी खेळांची स्वतःच इंग्रजी भाषांतरे करून ती फुकट वाटत असत, आणि 'मदर'चे भाषांतर करण्याच्या बेतात होती. तोच कळले, की अधिकृत भाषांतर आठ वर्षांपूर्वीच होऊन पडले आहे. त्यांनी चाहत्यांकडून वर्गणी जमवली, मालकाला पैसे देऊन प्रत उतरवून घेण्यास राजी केले, आणि ते लिखाण सर्वांसाठी खुले केले. दुसऱ्या भागाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी नावापुढे 'झीरो' असा शब्द जोडला. हेतू चांगला, पण ज्याने कोणी पोथीच्या मुखपृष्ठावर आपल्या हाताने एक अक्षर वाढवले, त्याने पुढच्या अभ्यासकाच्या मनात संशयाचे बी पेरलेच म्हणून समजावे.

झालेही तसेच. हे खरोखर निन्टेन्डोचे भाषांतर, की कोणा हुशार पोराने जपानी खेळात इंग्रजी घुसडून केलेली बनवाबनवी? संशय घेणाऱ्यांची बाजू मला मुळीच पोरकट वाटत नाही. कॅसेटीचे छायाचित्र म्हणजे पुरावा नव्हे, चिठ्ठी कोणीही चिकटवू शकतो. अशा थापा झालेल्या आहेत. 'बायो फोर्स एप' नावाचा, जाहिरात होऊनही न निघालेला असाच एक खेळ होता. २००५ साली कोणी तरी तो सापडल्याची हूल उठवली, बनावट चित्रे दाखवली, आणि कित्येक दिवस जाणते लोकही फसले. खरी प्रत जपानी लिलावात निघाली ती २०१० साली. तेव्हा 'मदर'च्या इंग्रजी प्रतीला कोणी निव्वळ भावनेपोटी खरे मानू नये, हे ठीकच होते.

संशयाचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. २० जून २००३ रोजी निन्टेन्डोने जपानात गेम बॉय अ‍ॅडव्हान्स ह्या हातातल्या यंत्रासाठी पहिले दोन्ही भाग एकत्र काढले. भाषा अर्थात जपानी. चाहत्यांनी पहिला भाग सुरू केला आणि बटन दाबताच मुलगा धावू लागला. शेवटापर्यंत पोहोचलेल्यांना तुटक शेवटाऐवजी तो लांबवलेला शेवट दिसला. मघाशी लक्षात ठेवावयास सांगितलेली ती दोन कलमे. १९८९ च्या जपानी कॅसेटीत ही दोन्ही नव्हती. होती ती केवळ त्या संशयित इंग्रजी प्रतीत. आता विचार करावा. इंग्रजी प्रत जर १९९८ च्या कोणा थापाड्याने बनवली असती, तर निन्टेन्डोने पाच वर्षांनी आपल्याच खेळात त्या थापाड्याची नक्कल केली असे मानावे लागेल. ते अशक्य. उरतो एकच निष्कर्ष: दोन्ही प्रतींचा पूर्वज एक, म्हणजे १९९० साली कंपनीच्या घरातच सुधारून तयार झालेला खेळ.

आमच्या येथील प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत १९६० ते १९७५ ह्या काळात निघाली, तेव्हा पंडितांनी देशभरातल्या प्रती ह्याच न्यायाने तपासल्या होत्या. दूरच्या दोन प्रतींत एकच वेगळा पाठ सापडला आणि एकीने दुसरीची नक्कल केली असण्याचा संभव नसला, तर तो पाठ दोघींच्या सामाईक मुळाकडून आलेला. रामायणाची आणि खेळाची तुलना करतो असे कोणी समजू नये. परंतु तर्काला विषयाची थोरवी कळत नाही, तो दोन्हीकडे सारखाच चालतो. क्लाइड मँडेलिन ह्या भाषांतरकाराने जपानी आणि इंग्रजी पाठ ओळीला ओळ लावून ताडून पाहिले. त्यांचे ते काम पाहताना मला हस्तलिखितांच्या खोलीतले जुने टेबल आठवले. पुढे फ्रँक सिफाल्डी यांनी खुद्द फिल सँडहॉप यांना गाठून मुलाखत घेतली. भाषांतर आपलेच, असे सँडहॉप यांनी सांगितले आणि वाद मिटला. ज्याचे काम कपाटात गेले होते त्याला आपले वाचक अनेक वर्षांनी, परक्यांच्या तोंडून कळले.

मी हा खेळ खेळलो तो २०२२ साली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तो निन्टेन्डोच्या स्विच ह्या यंत्राच्या वर्गणीदारांना उपलब्ध झाला, आणि माझ्या धाकट्या नातीने "आबा, ह्यात तुमच्यासारखी पोथ्यांची भानगड आहे" असे म्हणून यंत्र माझ्या हाती दिले. बोटे वळत नव्हती. लढायांत तीच मदत करी. खेळ मधूनमधून कंटाळवाणा आहे हे सांगितलेच पाहिजे. पावलागणिक शत्रू, आणि शेवटच्या डोंगरावर तर अकारण छळ. पण राणीला गाणे आठवले आणि तिचे राज्य विरून गेले, तेव्हा आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. नंतर नात म्हणाली, "आता पुढे जायचं का?" मी म्हटले, "थांब जरा."

त्याआधी, १४ जून २०१५ रोजी, निन्टेन्डोने वी यू ह्या यंत्राच्या दुकानात हा खेळ 'अर्थबाउंड बिगिनिंग्ज' ह्या नव्या नावाने अधिकृतपणे विकावयास काढला होता. इतोई यांनी चित्रफितीतून चार शब्दही सांगितले. लोकांनी लगेच ताडून पाहिले: मुखपृष्ठावरचे नाव सोडले तर भाषांतर तेच, सँडहॉप यांचे १९९० चे. हौशी मुलांनी सतरा वर्षांपूर्वी पसरवलेली प्रत खरी होती, ह्यावर मालकाची मोहोर उमटली.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. 'त्या मुलांनी चोरून नक्कल केली नसती तर खेळ कायमचा नष्ट झाला असता' असे मोठ्या जोशात म्हटले जाते. ते खरे नाही. २०१५ साली कंपनीने काढला तेव्हा खेळ कंपनीच्याच घरात होता. निन्टेन्डो आपली दप्तरे जपणारी संस्था आहे. 'स्टार फॉक्स २' हा दुसरा एक पुरा झालेला पण रोखून धरलेला खेळही तिने बावीस-तेवीस वर्षांपूर्वीच्या आपल्या दप्तरातून २०१७ साली बाहेर काढलाच. पण दप्तरात असणे आणि वाचकाच्या हाती असणे ह्यांत फरक आहे. १९९८ साली जे मूल बारा वर्षांचे होते, ते २०१५ साली एकोणतीस वर्षांचे बाप्ये झाले होते. त्याला त्या वयात खेळ मिळाला, तो त्या बेकायदा नकलेमुळे. शिवाय खेळाला मागणी आहे, हे कंपनीला दाखवून देण्यात त्या सतरा वर्षांतल्या चाहत्यांचा वाटा नव्हता असे कोण म्हणेल? आणि कायदा मोडला होता, हेही तितकेच खरे. मला ह्या दोन विधानांची वजाबाकी करून एक उत्तर काढता येत नाही. काढावे असेही वाटत नाही.

मात्र जेथे मालकच उरलेला नाही तेथे प्रश्न अधिक कठीण आहे. सिफाल्डी यांनी पुढे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ही संस्था काढली. तिने सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्कबरोबर केलेली एक पाहणी २०२३ च्या जुलैत प्रसिद्ध झाली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत, असे तीत आढळले. हे झाले निघालेल्या खेळांचे. जे निघालेच नाहीत त्यांची गणती कोण करणार? कंपन्या बुडतात, एकमेकींत विलीन होतात, कारागीर निवृत्त होतात, आणि त्यांच्या घरची मुले गाळा रिकामा करताना चिठ्ठी लावलेली चिप कचऱ्यात टाकतात. जुने खेळ ग्रंथालयांनी अभ्यासकांना दुरूनही वापरू द्यावे, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ च्या ऑक्टोबरात फेटाळली. म्हणजे ग्रंथालयात जाऊन बसा आणि खेळा. हस्तलिखितांच्या खोलीत आम्ही अर्ज करून, टाक नव्हे पेन्सिलच वापरण्याच्या अटीवर बसत असू, त्याचीच ही नवी तऱ्हा.

वी यूचे ते दुकान २०२३ च्या मार्चमध्ये बंद झाले. तेथे तो खेळ आता नव्याने विकत घेता येत नाही. ह्या मालिकेचा तिसरा भाग 'मदर ३' जपानात २००६ साली निघाला. त्याची इंग्रजी आवृत्ती कंपनीने काढली नाही, म्हणून मँडेलिन आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतः भाषांतर करून २००८ च्या ऑक्टोबरात ते फुकट देऊन टाकले. २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीने तो भाग पुन्हा उपलब्ध केला, तो केवळ जपानातल्या वर्गणीदारांना आणि जपानीतच. नातीने मँडेलिन यांचे भाषांतर मिळवले आहे. सध्या ती दुसऱ्या प्रकरणात आहे, आणि मला पुढचे काही सांगत नाही.